पाचवीचा पट, दहावीचा फोटो

दहावीच्या निरोप समारंभाचं भाषण ऐकायला विशिष्ट शाळेत जावं लागत नाही. पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून झाले की जानेवारीच्या अखेरीस कुठल्याही हायस्कुलात साधारण तेच ऐकू येतं. नववीच्या मुलांनी बाकं कडेला ओढून सतरंज्या घातलेल्या असतात, फळ्यावर रंगीत खडूंनी वेलबुट्टी काढलेली असते. मुली आईच्या साड्या नेसून, पदर सावरत आलेल्या असतात. मुलांच्या शर्टांच्या पाठी अजून कोऱ्या असतात, सह्या व्हायच्या असतात. वर्गणीतून घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ किंवा माइकचा संच मुख्याध्यापकांच्या हाती दिला जातो, आणि मग एक मुलगी मनोगत मांडायला उठते. पाचवीत आलो तेव्हा आम्ही मातीचे गोळे होतो, तुम्ही आम्हाला आकार दिलात, रागावलात तेही आमच्या भल्यासाठीच. तिचा आवाज भरून येतो आणि त्यात खोटं काहीच नसतं. फक्त शब्द मागच्या वर्षीच्या मुलीचे असतात आणि मराठीच्या बाईंच्या कपाटातल्या वहीतून आलेले असतात.

ही मुलगी बहुधा ‘अ’ तुकडीतली असते. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेतली ढाल तिनं शाळेला आणून दिलेली असते, म्हणून तिची निवड झालेली असते. ती सतत ‘आम्ही’ म्हणते. या ‘आम्ही’मध्ये कोण कोण येतं, हे तिला कुणी विचारत नाही. समोर बसलेले तर येतातच. पण तिच्याबरोबर पाचवीत आलेली, सातवीत डबा वाटून खाणारी आणि नववीच्या निकालानंतर वर्गात न दिसलेली मुलं त्या दुपारी कुठं असतात? कुणी गॅरेजात गाडीखाली शिरलेला असतो. कुणी ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर फडात असते. एखादी सासरी असते. आणि एखादा तिथंच, त्याच समारंभात असतो. नववीत दुसऱ्यांदा बसलेला असल्यामुळे त्यानंच सकाळी येऊन सतरंज्या घातलेल्या असतात. आपल्याच वर्गाला निरोप देणाऱ्या वर्गात तो उभा असतो, आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन जुन्या मित्रांच्या रांगेतून फिरत असतो.

पंचवीस वर्षांनी निरोप घेतलेली ही मंडळी पुन्हा जमतात. दर दिवाळीत आणि मे महिन्यात जिल्हा आवृत्त्यांत बातमी असतेच: अमुक विद्यालयाच्या अमुक सालच्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा उत्साहात संपन्न. घंटा होते, परिपाठ होतो, प्रतिज्ञा म्हटली जाते. पोटं सुटलेली माणसं बाकात मावत नाहीत म्हणून हसतात. हजेरी घेतली जाते आणि ‘हजर सर’ असं वर्ग दणाणून टाकणारं उत्तर येतं. निवृत्त गुरुजनांना शाल, श्रीफळ आणि हल्लीच्या प्रथेप्रमाणे एक रोप. दिवंगत वर्गमित्रांसाठी दोन मिनिटं शांतता. शाळेला पाणी शुद्ध करणारं यंत्र नाहीतर प्रोजेक्टर. मग मनोगतं सुरू होतात आणि ऐकता ऐकता लक्षात येतं, ही तर निरोप समारंभातलीच आहेत. मधल्या काळात या माणसांनी कर्जं काढली, घरं बांधली, आईबापांना पोचवलं, स्वतःची मुलं शाळेत घातली आणि त्या शाळांशी फीवरून भांडणंही केली. जगातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीबद्दल त्यांचं मत बदललेलं असतं. स्वतःच्या शाळेबद्दलचं मात्र पंधराव्या वर्षी जे होतं तेच.

हे मला खटकतं. दहावीची बॅच शाळेच्या दिवसांकडे मागे वळून पाहते असं आपण म्हणतो खरं, पण ती पाहते दहावीच्या हजेरीपटाकडे. त्या पटावर पोचलेल्यांची आठवण म्हणजे शाळेची आठवण, असं धरून चालल्यामुळे शाळेविषयी आपण जे बोलतो त्यातलं बरंचसं तपासलेलंच नसतं.

बॅच ही मुळात परीक्षेनं घातलेली बेरीज आहे. राज्याचं माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी सुरू झालं. तेव्हा शाळेची शेवटची पायरी अकरावी, म्हणजे मॅट्रिक होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर नवा आकृतिबंध आला आणि शेवटची पायरी दहावी झाली. त्या जुन्या मॅट्रिकचं एक वैशिष्ट्य आज विसरलं गेलंय. तिथं नापास होणं ही सार्वजनिक गोष्ट होती. गावात मॅट्रिक पास जितके होते तितकेच किंवा त्याहून जास्त मॅट्रिक फेल होते, आणि ते तसं सांगत. ‘नॉनमॅट्रिक’ हा शब्द नोकरीच्या अर्जात, लग्नाच्या बोलणीत, अगदी पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या लेखक परिचयातही येई. पेपरात नंबर नाही आला, सगळ्या आळीला कळलं, आणि दोन महिन्यांनी तो मुलगा पुन्हा त्याच मित्रांत कट्ट्यावर बसलेला. तो परीक्षेला बसला होता, म्हणून तो त्या वर्षाचाच होता.

आता आकडे पाहा. २०२५ साली राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. त्याआधीच्या वर्षी ९५.८१. हजारो शाळांचा निकाल शंभर टक्के लागतो, आणि शाळेच्या फाटकावर ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा’ असा फ्लेक्स चढतो. मुलं खरंच इतकी हुशार झाली असतील तर आनंदच आहे. पण हा आकडा किती लवचीक आहे, हे आपण अलीकडेच पाहिलं. २०१८ साली निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी नव्या अभ्यासक्रमाबरोबर भाषा विषयांचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. आरडाओरडा झाला, गुण परत आले, २०२० साली निकाल ९५.३० टक्के. इतका चढउतार होण्याइतकी मुलं एकदोन वर्षांत बदलत नसतात.

शंभर टक्क्यांची परंपरा राखायची तर एक रस्ता चांगलं शिकवण्याचा आहे आणि अनेक शाळा तो धरतात, त्यांना दंडवत. दुसरा रस्ता नववीतून जातो. २०१० साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरलं. हेतू चांगलाच होता. पण कायद्याचं छत्र चौदाव्या वर्षापर्यंत, आठवीपर्यंत. त्यापुढं शाळा मोकळी. वाचायला अडखळणारा मुलगा आठ वर्षं वर सरकत आला आणि त्याला पहिली भिंत लागली ती नववीत, बोर्डाच्या बरोबर अलीकडे. बोर्डात नापास झाला तर ते शाळेच्या नावावर लागतं. नववीत नापास झाला तर त्याच्या स्वतःच्या. शिक्षक खोलीत हे गणित सगळ्यांना पाठ असतं. पालकांना बोलावून सांगितलं जातं, ‘याला झेपणार नाही, सतरा नंबरचा फॉर्म भरा.’ म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून बाहेरून परीक्षेला बसा. मुलगा कदाचित पास होतो, पण शाळेच्या यादीत तो नसतो, निरोप समारंभाला त्याला बोलावणं नसतं, ग्रुप फोटोत तो नसतो. पंचवीस वर्षांनी व्हॉट्सॲपचा ग्रुप करणारा माणूस हाच ग्रुप फोटो समोर ठेवून नंबर शोधत जातो. २०२३ मध्ये राज्यानं नियम बदलून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली आहे. त्यामुळे चाळणी आणखी अलीकडे सरकेल. ती कुठं लावायची यावर वाद चालू राहील. माझा मुद्दा तेवढ्यापुरता नाही. चाळणी कुठंही असो, फोटो तिच्या खालच्या टोपलीचाच निघतो.

यावर कुणी म्हणेल, यात नवल काय? कुठल्याही गोष्टीची आठवण शेवटपर्यंत राहिलेलेच सांगणार. बरोबर. पण राहिलेल्यांनी आपण राहिलो आहोत हे लक्षात ठेवून बोलावं, एवढीच अपेक्षा आहे. तसं होत नाही, आणि ते सर्वांत जास्त छडीच्या बाबतीत होत नाही.

स्नेहमेळाव्यात सर्वांत जास्त टाळ्या छडीला पडतात. ‘सरांनी झोडपलं म्हणून आज इथं उभा आहे,’ असं कुणी कारखानदार किंवा फौजदार झालेला माजी विद्यार्थी म्हणतो, सभागृह हसतं, वाकलेले सर कानामागे हात धरून ऐकतात आणि त्यांचेही डोळे भरतात. दृश्य हृद्य असतं. पण ते पुरावा म्हणून घेतलं तर फसवं आहे. ज्याला मार खाऊनही शाळा सोडावीशी वाटली नाही, तोच व्यासपीठावर आहे. ज्यानं गणिताच्या तासाच्या भीतीनं आधी तो तास, मग तो दिवस आणि मग शाळाच सोडली, तो हे वाक्य खोडून काढायला तिथं नाही. मार खाल्ला आणि घडलो, मार खाल्ला आणि मोडलो, मार न खाताही घडलो: या तिन्ही प्रकारची माणसं एका वर्गात होती. मेळाव्याला पहिली आणि तिसरीच पोचली असं म्हणावं तर तेही खरं नाही. दुसऱ्या प्रकारातला कुणी आलाच तर तो मागं बसून टाळ्या वाजवतो, कारण त्या सभेत दुसरं काही करायला जागाच नसते. शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेला बंदी घातली त्याला दीड दशक उलटलं. तरी या आठवणींच्या जोरावर आजही पालक शाळेत जाऊन सांगतात, ‘सर, हाणा त्याला, आमची ना नाही.’ आठवण निरुपद्रवी असती तर मी तिच्या वाटेला गेलो नसतो. ती पुढच्या पिढीच्या पाठीवर उमटते.

तुकड्यांचंही तसंच. आपल्याकडच्या मोठ्या हायस्कुलांत ‘अ’पासून ‘ड’पर्यंत, क्वचित त्यापुढेही तुकड्या असत आणि कित्येक ठिकाणी त्या गुणांवरून पाडलेल्या असत. ‘अ’ला संस्कृत, ‘अ’ला जुने, नावाजलेले शिक्षक, पुढे सेमी इंग्रजी आलं तेही आधी ‘अ’लाच. ‘ड’च्या वर्गावर येणाऱ्या शिक्षकाच्या चेहऱ्यावर आपली बदली झाल्याचा भाव. एका छपराखाली दोन शाळा चालत होत्या आणि दोन्हीकडच्यांच्या आठवणी जुळणं शक्यच नाही. तरी मेळाव्यात एकच आठवण बोलली जाते. बक्षिसं, गॅदरिंग, सहल, विज्ञान प्रदर्शन, गुणवत्ता यादी. (बोर्डाची गुणवत्ता यादी या शतकाच्या पहिल्या दशकात बंद झाली, पण ज्या शाळांत एकेकाळी कुणी यादीत आलं होतं तिथं त्याचा रंगीत फोटो अजून जिन्यात असतो, थोडा फिका पडलेला.) ‘ड’वाले आले तर त्यांच्याकडून अपेक्षा असते गमतीजमतींची. मागच्या बाकावर काय काय केलं, कुणाच्या पिशवीत बेडूक टाकला, वर्गाबाहेर किती तास उभे होतो. ते सांगतातही, रंगवून सांगतात. वर्षभर वर्गाबाहेर उभं राहिलेल्या मुलाला भूमिती कुणी शिकवली, हा प्रश्न त्या हशात विचारण्यासारखा नसतो. त्यांचीच मुलं आज कुठल्या तुकडीत आहेत, हेही कुणी विचारत नाही.

मुलींचा प्रश्न वेगळा, आणि मला तो या सगळ्यात सर्वांत गुंतागुंतीचा वाटतो. मेळावा ठरवणाऱ्यांची पहिली तक्रार असते, ‘मुली सापडत नाहीत.’ आडनाव बदललेलं, क्वचित नावही. गाव बदललेलं, फोन नवऱ्याच्या नावावर. मग एखादी वर्गमैत्रीण माहेरच्या भावाकडून नंबर काढते. फोन केला तर सासूबाई उचलतात. कुणाला यायचं असतं, पण वर्गातल्या मुलांच्या ग्रुपमध्ये नंबर नको असतो. कुणी येते ती नवऱ्याला घेऊनच येते आणि तो बिचारा दिवसभर मंडपात अनोळखी माणसांत मोबाइल पाहत बसतो. हे सगळं आपण विनोदानं सांगतो. यातही जिची दहावी झाली तिचीच शोधाशोध होते. नववीत लग्न झालेल्या मुलीला शोधायचं कुणाच्या मनातच येत नाही, कारण ती ‘आपल्या बॅचची’ नाही. वास्तविक या राज्यानं मुली शाळेत टिकाव्यात म्हणून बरंच केलं. ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा मोफत पास दिला, मानव विकासच्या निळ्या गाड्या सोडल्या, सायकली वाटल्या. त्या पासवर रोज बारा किलोमीटर येणाऱ्या मुलीची शाळा संध्याकाळची गाडी चुकली म्हणून किंवा त्या गाडीत कुणी काही बोललं म्हणून सुटली असेल, तर तिची शाळेची आठवण ऐकण्यासारखी आहे. शाळेच्या दृष्टीनं तर फार उपयोगाची आहे. ‘अ’ तुकडीतल्या मुलीच्या मनोगतातून एसटीचं वेळापत्रक कळत नाही.

गंमत अशी की मराठी वाचकाला हे नवीन नाही. आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ साली आली आणि पुढे साहित्य अकादमीनं तिचा गौरव केला. कागलकडच्या एका गरीब शेतकरी घरातल्या पोराला शाळेसाठी स्वतःच्या बापाशीच झुंजावं लागतं, तो शाळेतून पुन्हा पुन्हा रानात ओढला जातो. दया पवारांचं ‘बलुतं’, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’: या पुस्तकांत शाळा आहे ती उंबऱ्यावरून पाहिलेली. आत जाता येईल का, गेलो तर बसू देतील का, बसलो तर उद्या येता येईल का, असे प्रश्न तिथं प्रत्येक पानाआड उभे आहेत. आणि मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ घ्या. आणीबाणीच्या काळातली ही कादंबरी २००४ साली आली आणि इतकी वाचली गेली की तिच्यावर नाटक झालं, चित्रपट झाला. शाळेवरची आपली सर्वांत लाडकी कादंबरी दहावीच्या वर्गाची नाही; नववीच्या वर्गाची आहे. लेखकानं हे मुद्दाम केलं असं माझं म्हणणं नाही. पण नववीत वर्ग अजून वर्ग असतो, बोर्ड अंगावर आलेलं नसतं, कोण राहणार आणि कोण जाणार हे ठरायचं असतं, म्हणून तिथं सगळ्यांना जागा मिळते. ही सगळी पुस्तकं वाचलेला, त्यांवर डोळे पुसलेला माणूस स्वतःच्या शाळेवर बोलायला उभा राहिला की मात्र मराठीच्या बाईंच्या वहीकडे परततो. परक्याच्या शाळेचं दुःख आपल्याला दिसतं. स्वतःच्या शाळेत ते आपल्याच बाकावर बसलेलं होतं, हे मान्य करायला अंगाला जरा तोशीस पडते.

एका बॅचला मात्र ही वही वापरताच आली नाही. २०२० च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा शेवटच्या टप्प्यात असताना टाळेबंदी आली आणि भूगोलाचा पेपर रद्द झाला. ती मुलं एका पेपरानं वाचली म्हणून हसली. पुढच्या वर्षीच्यांची परीक्षाच झाली नाही. २०२१ साली नववीच्या निकालाला ५० गुणांचं वजन, दहावीतल्या शाळेच्या मूल्यमापनाला ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ यांना २० असं सूत्र ठरलं, आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. त्यांना बऱ्याच ठिकाणी निरोप समारंभ नव्हता, सह्यांचे शर्ट नव्हते, ग्रुप फोटो नव्हता. नातेवाइकांनी त्यांना ‘कोरोना बॅच’ म्हणून चिडवलं. काहींना नोकरीच्या मुलाखतीतही ते ऐकावं लागेल अशी भीती वाटली. मला ही बॅच विचार करण्यासारखी वाटते. नववी ही काय चीज आहे हे या मुलांना सरकारी सूत्रातूनच कळलं. नववीत ज्यानं टिवल्याबावल्या केल्या त्याचा अर्धा निकाल तिथंच अडकला. आणि वर्ग म्हणजे काय, हेही त्यांना वर्ग नसताना कळलं. घरात एकच मोबाइल, तो वडिलांबरोबर कामावर. रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसायचं. धाकट्या भावाचा तास आणि आपला तास एकाच वेळी. कोण तासाला नाही, हे पडद्यावर नावानिशी दिसत होतं. आमच्या काळात गैरहजर मुलाचं बाक दोन दिवसांत दुसरा कुणी घेई आणि चौथ्या दिवशी तो विसरला जाई. या बॅचला गैरहजेरी विसरता आली नाही. यांतली मुलं कधी एकत्र जमलीच तर काय बोलतील, याची मला उत्सुकता आहे. मातीचे गोळे आणि आकार वगैरे बोलणार नाहीत, इतकं नक्की.

आता दुसरी बाजू. ती कमकुवत नाही. मेळावे भरतात म्हणून शाळांना छपरं मिळतात. सरकारी अनुदान रखडलेल्या कित्येक शाळांची प्रयोगशाळा माजी विद्यार्थ्यांनी उभी केली आहे. ग्रुपवर कुणाच्या मुलाच्या ऑपरेशनची बातमी आली की संध्याकाळपर्यंत पैसे जमतात, आणि देणाऱ्याला घेणाऱ्याची तुकडी आठवत नसते. कृतज्ञतेलाही इतिहास आहे. १९१९ साली भाऊराव पाटलांनी काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून या राज्यात शाळेची पायरी घरात पहिल्यांदा चढणाऱ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या झाल्या. वसतिगृहात राहून, श्रमदान करून शिकलेला माणूस ‘शाळेनं घडवलं’ म्हणतो तेव्हा तो भाषणातलं वाक्य म्हणत नसतो, हिशेब सांगत असतो. त्याला नाक मुरडण्याचा अधिकार ज्याच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत अशा माणसाला नाही. आणि चाळिशी-पन्नाशीतल्या, कामानं पिचलेल्या माणसांना एक दिवस खिदळावंसं वाटलं तर त्यात समाजशास्त्र कशाला आणायचं, असंही कुणी विचारेल. मला तो आक्षेप पटतो, अर्धा. एक दिवस खिदळण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे त्या दिवसाच्या आधारे शाळेवर निकाल देण्याला. ‘आमच्या वेळी शाळा कशी होती!’ या वाक्यावर आजच्या शिक्षकांना, आजच्या मुलांना, मराठी शाळांना आणि एकूण जमान्याला झोडपलं जातं. तो जमाना कसा होता हे ठरवायला बसलेल्या पंचांत एकही गैरहजर नाही.

सगळ्यात बोचरा आक्षेप मात्र गैरहजरांकडूनच येतो. त्यांना बोलावलं तरी ते येत नाहीत. ‘मी कशाला येऊ, माझी दहावी कुठं झालीय?’ हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडून ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी ते हसत म्हटलेलं होतं. त्यांच्या दृष्टीनं बघा. वर्गणी दोन हजार, ड्रेस कोड, परिचयाच्या फेरीत नाव, हुद्दा, कंपनी सांगायची. रिक्षा चालवणारा माणूस तिथं हुद्दा काय सांगणार? सांगितलाच तर ‘अरे वा, कष्टाची कमाई!’ अशी पाठ थोपटली जाणार, ती त्याला नको आहे. तेव्हा नुसतं बोलावून भागत नाही. मेळाव्याची घडणच त्याला दारातून परत पाठवते. परिचयाची फेरी रद्द केली तर काय बिघडेल? वर्गणी ज्याला जमेल तशी, निनावी ठेवली तर? प्रोजेक्टर एक वर्ष उशिरा मिळेल.

आणि यादी कशावरून करायची, याला एक उत्तर प्रत्येक शाळेच्या कपाटात आहे. जनरल रजिस्टर. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची नोंद शोधायला लोक ज्याची पिवळी पानं उलटतात, तेच. शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक मुलाला त्यात एक क्रमांक आहे, तो कितीही कमी दिवस टिकला असला तरी. प्रवेशाची तारीख आहे, सोडल्याची तारीख आहे, आणि एक रकाना आहे: शाळा सोडण्याचे कारण. त्यात हेडक्लार्कच्या गोल अक्षरात लिहिलेलं असतं, ‘सतत गैरहजर’, ‘पालकांच्या विनंतीवरून’. वर्तणूक: चांगली. ज्या वर्षी आपण पाचवीत आलो त्या जूनची पानं काढली की बॅच सापडते, आणि ती फोटोतल्या बॅचपेक्षा मोठी निघते. मुख्याध्यापकांची परवानगी लागेल, आणि त्या पानांवर जात, जन्मगाव असं बरंच काही असल्यामुळे ती कुणी मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकू नयेत. दोन समजूतदार माणसांनी बसून फक्त नावं उतरवून घ्यावीत. मग फोन करताना दहावीचं साल सांगायचं नाही, पाचवीचं सांगायचं. ‘आपण दोन हजार साली पाचवीत होतो ना, क तुकडीत?’ एवढंच.

यातले बरेच जण तरीही येणार नाहीत. काही येतील आणि गप्प बसून जेवून जातील. एखादी मात्र माइक हातात घेऊन सांगेल की आठवीच्या सहलीची वर्गणी भरता आली नाही म्हणून तिला दिवसभर ग्रंथालयात बसवलं होतं, आणि त्यानंतर तिनं शाळेत यायचं का सोडलं. सर समोरच बसलेले असतील. ते ऐंशीच्या पुढचे, हातात शाल. त्यांना कदाचित ते आठवणार नाही. कदाचित आठवेल, आणि त्यांनाही त्या वर्षीची काही बाजू सांगायची असेल, जी त्यांना आजवर कुणी विचारली नव्हती, कारण त्यांच्यासमोर येणारा प्रत्येक जण पाया पडायला वाकत होता. सूत्रसंचालक घड्याळाकडे बघेल. संगीत खुर्ची राहून जाईल आणि केटरिंगवाला दोनदा येऊन विचारेल, पंगत कधी बसवायची.